रोमचा सम्राट की गद्दार? निकाल लागायचा लढाई संपल्यावर

५ जून २०२२. वेल्सची राजधानी कार्डिफ. युक्रेनला १-० असं हरवून वेल्सचा फुटबॉल संघ तब्बल ६४ वर्षांनी वर्ल्ड कपमध्ये पोहोचला होता. सामना संपल्यावर मैदानात खेळाडू आणि स्टँडमधले प्रेक्षक मिळून एक जुनं गाणं गात होते. डाव्हिद इवान यांचं १९८३ सालचं ‘अमा ओ हीड’, म्हणजे साधारण ‘अजूनही इथेच’. त्याचे व्हिडिओ तेव्हा भरपूर फिरले. या गाण्यात ‘माक्सेन’ नावाच्या माणसाचा उल्लेख येतो. तो कोण, हे मात्र वेल्सबाहेर फार थोड्यांना माहीत असेल.

माक्सेन म्हणजे मॅग्नस मॅक्सिमस, रोमन सेनापती. इसवी सन ३८३ मध्ये ब्रिटनमधल्या सैन्याने त्याला सम्राट म्हणून घोषित केलं आणि तो फौज घेऊन समुद्रापलीकडे निघून गेला. गाणं आलं ते बरोबर १६०० वर्षांनी. वेल्सच्या लोककथांमध्ये तो राजांचा मूळपुरुष आहे. रोमच्या दरबारी इतिहासात मात्र तो गद्दार आहे, गादी बळकावणारा आहे. पाच वर्षं त्याने ब्रिटन, गॉल (आजचा फ्रान्स आणि आसपासचा भाग) आणि स्पेनवर राज्य केलं, नाणी पाडली, न्यायनिवाडे केले आणि शेवटी त्याचं मुंडकं उडवण्यात आलं.

उत्तरार्धातल्या रोमन साम्राज्यात अशी माणसं डझनांनी सापडतात. कुणी २८ दिवस टिकला, कुणी सात वर्षं. त्यांना बंडखोर ठरवलं कुणी आणि कशाच्या आधारावर, हे बघायला गेलं की रोमन सम्राट नावाची गोष्टच मुळात किती डळमळीत होती ते कळतं.

आधी शब्दाचा घोळ

मराठीत अशा माणसाला पटकन ‘तोतया’ म्हणावंसं वाटतं. पण आपल्याकडचा तोतया म्हणजे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आला तो. दुसऱ्याचं नाव घेऊन वावरणारा. रोमचे हे लोक तसे नव्हते. ते स्वतःच्या नावाने, स्वतःचा चेहरा नाण्यावर छापून ‘मी सम्राट’ म्हणायचे.

लॅटिनमध्ये त्यांच्यासाठी शब्द होता ‘टिरॅनस’. आपण ज्याला टायरंट म्हणजे जुलमी म्हणतो, त्याचंच मूळ. चौथ्या शतकात मात्र या शब्दाचा अर्थ जुलमीपेक्षा ‘अनधिकृत सम्राट’ असा व्हायला लागला होता. गंमत म्हणजे जिवंत आणि सत्तेत असलेल्या माणसाला त्याच्या प्रदेशात कुणी टिरॅनस म्हणत नसे. तिथे तो ‘ऑगस्टस’च असायचा. हरला की त्याच्या नावामागे टिरॅनस लागायचं.

मुळात नियमच नव्हता

रोमन सम्राट कसा निवडायचा याचा कायदा कधीच झाला नाही. पहिला सम्राट ऑगस्टस याने लोकशाहीवजा जुन्या व्यवस्थेचा देखावा तसाच ठेवला होता. त्यामुळे ‘मोठा मुलगा गादीवर’ असं उघड लिहिणं शक्य नव्हतं. सिनेटने मान्यता द्यायची, सैन्याने जयघोष करायचा, लोकांनी स्वीकारायचं, अशी पद्धत पडत गेली. यातलं सिनेट रोममध्ये बसलेलं होतं. सैन्य होतं ऱ्हाईन नदीवर, डॅन्यूबवर, सीरियात आणि ब्रिटनमध्ये.

तिसऱ्या शतकात सीमेवर सगळीकडून एकदम हल्ले सुरू झाले आणि ही फट रुंदावली. सम्राट एका वेळी एकाच आघाडीवर असू शकतो. तो डॅन्यूबवर असेल तर ऱ्हाईनवरच्या लोकांनी काय करायचं? त्यांना जवळचा, लढणारा आणि पगार देणारा सम्राट हवा असायचा. मग ते आपल्याच सेनापतीला सम्राट करायचे. इसवी सन २३५ ते २८४ या जेमतेम पन्नास वर्षांत वीसहून जास्त सम्राट झाले. त्यातल्या बहुतेकांना त्यांच्याच लोकांनी मारलं.

यात पैशाचाही भाग होता. नवा सम्राट गादीवर आला की सैनिकांना बक्षीस वाटायचं ही जुनी रीत. चौथ्या शतकाच्या मध्यात हा दर होता माणशी सोन्याची पाच नाणी आणि एक रोमन पौंड चांदी. नवा सम्राट म्हणजे नवा बोनस. सैनिकांचं गणित साधं होतं.

डायोक्लेशियनने यावर उपाय म्हणून २९३ मध्ये चार जणांचं राज्य आणलं. दोन वरिष्ठ सम्राट, दोन कनिष्ठ, प्रत्येकाकडे एक आघाडी. ३०५ मध्ये दोन्ही वरिष्ठांनी निवृत्ती घेतली, कनिष्ठ वर सरकले आणि नवे कनिष्ठ नेमले गेले. हे सगळं ठरल्याप्रमाणे चाललं ते फक्त एक वर्ष.

कॉन्स्टंटाइनसुद्धा त्यातलाच

२५ जुलै ३०६ ला ब्रिटनमधल्या यॉर्कमध्ये सम्राट कॉन्स्टँशियस पहिला वारला. नियमाप्रमाणे त्याची जागा आधीच नेमलेल्या कनिष्ठाला मिळायला हवी होती. पण तिथल्या सैन्याने त्याच दिवशी त्याच्या मुलाला सम्राट घोषित केलं. हा मुलगा म्हणजे कॉन्स्टंटाइन. ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणारा, कॉन्स्टँटिनोपल वसवणारा, ज्याच्या नावामागे ‘द ग्रेट’ लागतं तोच.

त्याने आपलं चित्र पूर्वेकडच्या वरिष्ठ सम्राटाकडे, गॅलेरियसकडे पाठवलं. लॅक्टँशियस हा त्या काळातला लेखक सांगतो की गॅलेरियस ते चित्र, आणणाऱ्या माणसासकट, जाळायला निघाला होता. शेवटी त्याने कुरकुरत कॉन्स्टंटाइनला मान्यता दिली, पण कनिष्ठ सम्राट म्हणून.

हे बघून तीन महिन्यांत रोम शहरात मॅक्सेन्शियसने तेच केलं. तोही एका माजी सम्राटाचा मुलगा होता आणि त्यालाही सैनिकांनीच उभं केलं होतं. दोघांच्या दाव्यात फरक शोधायचा म्हटला तर अवघड जातो. २८ ऑक्टोबर ३१२ ला रोमजवळच्या मिल्व्हियन पुलाशी दोघांची लढाई झाली. मॅक्सेन्शियस टायबर नदीत बुडाला. त्याचं प्रेत शोधून काढून मुंडकं भाल्यावर लावून शहरात फिरवलं, मग ते आफ्रिकेत पाठवलं, म्हणजे तिथल्या लोकांनाही तो खरंच मेला हे पटावं.

रोमला गेलात तर कोलोसियमच्या शेजारी कॉन्स्टंटाइनची कमान दिसते. ३१५ मध्ये ती उभी राहिली. त्यावरच्या लेखात मॅक्सेन्शियसचं नाव नाही, फक्त ‘टिरॅनस’ आहे. जवळच मॅक्सेन्शियसने बांधायला घेतलेली प्रचंड बॅसिलिका आहे. ती कॉन्स्टंटाइनने पूर्ण केली.

२००६ मध्ये याच परिसराबद्दल एक बातमी आली. पॅलॅटाइन टेकडीच्या उतारावर पुरातत्त्वज्ञांना जमिनीत पुरलेल्या लाकडी पेट्यांचे अवशेष सापडले होते. आत कापडात गुंडाळून ठेवलेला राजदंड, काचेचे आणि दगडाचे गोळे, भाल्यांची टोकं. अभ्यासक ही मॅक्सेन्शियसची राजचिन्हं मानतात. त्याच्या माणसांनी पराभवानंतर लपवली असावीत. परत काढायला कुणी आलं नाही.

३५० साल: एकाच वर्षी तिघे

पुढच्या भागात कॉन्स्टंटाइनच्या मुलांची नावं येतील: कॉन्स्टँशियस दुसरा आणि कॉन्स्टन्स. नावं इतकी सारखी आहेत की गोंधळ होणारच, त्याला इलाज नाही. एवढंच लक्षात ठेवा की ३५० मध्ये धाकटा कॉन्स्टन्स पश्चिमेला आणि थोरला कॉन्स्टँशियस पूर्वेला राज्य करत होता.

१८ जानेवारी ३५० ला गॉलमधल्या ऑतन शहरात एका बड्या अधिकाऱ्याच्या मुलाच्या वाढदिवसाची मेजवानी होती. पाहुण्यांमध्ये मॅग्नेन्शियस नावाचा सेनापती होता. रात्री तो मध्येच उठून बाहेर गेला आणि परत आला तो जांभळा राजवेश घालून. जांभळा रंग हा सम्राटाचा, दुसऱ्या कुणी घातला तर मृत्युदंड. पाहुण्यांनी जयजयकार केला. कॉन्स्टन्स पळाला आणि पिरेनीज पर्वताजवळ मारला गेला.

लगेच मार्चमध्ये डॅन्यूबवरच्या सैन्याने व्हेट्रानियो या म्हाताऱ्या सेनापतीला सम्राट केलं. जूनमध्ये रोममध्ये नेपोशियन उभा राहिला, तो कॉन्स्टंटाइनचा भाचा. नेपोशियन २८ दिवसांत मारला गेला.

व्हेट्रानियोची गोष्ट मात्र वेगळीच आहे आणि मला ती फार आवडते. कॉन्स्टँशियसने त्याच्याशी लढण्याऐवजी त्याला बरोबर घेऊन आजच्या सर्बियातल्या निश शहरात दोन्ही सैन्यांसमोर भाषण केलं. भाषण संपेपर्यंत व्हेट्रानियोचेच सैनिक त्याला उतरायला सांगू लागले. २५ डिसेंबरला त्याने राजवेश उतरवून ठेवला. कॉन्स्टँशियसने त्याला मारलं नाही. पेन्शन देऊन आजच्या तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरात पाठवून दिलं. तिथे तो सहा वर्षं निवांत जगला. बंडखोर सम्राटांच्या यादीत अंथरुणावर मरण आलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

मॅग्नेन्शियसच्या बाबतीत असा मार्ग नव्हता, त्याच्या हाताला सम्राटाच्या सख्ख्या भावाचं रक्त लागलं होतं. २८ सप्टेंबर ३५१ ला मुर्सा इथे, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या ओसियेक शहराजवळ, दोन रोमन सैन्यं एकमेकांना भिडली. झोनारस या बऱ्याच नंतरच्या इतिहासकाराने दोन्ही बाजूंचे मिळून ५४,००० मेल्याचा आकडा दिला आहे. आकडा अक्षरशः खरा धरू नये. पण जे सैनिक ऱ्हाईन आणि डॅन्यूबवर पहारा द्यायचे तेच इथे आपापसांत मेले, यावर सगळे जुने लेखक एकमत आहेत. लढाईआधी मॅग्नेन्शियसचा एक फ्रँक वंशाचा अधिकारी आपली तुकडी घेऊन कॉन्स्टँशियसला जाऊन मिळाला होता. त्याचं नाव सिल्व्हेनस. त्याच्याकडे आपण येणारच आहोत.

मॅग्नेन्शियसने ३५३ मध्ये लियाँ शहरात आत्महत्या केली. मग सुरू झाली झाडाझडती. पॉलस नावाचा अधिकारी ब्रिटनमध्ये पाठवला गेला, मॅग्नेन्शियसला साथ देणाऱ्यांना पकडायला. आरोपांच्या कड्या जोडत नेण्याच्या त्याच्या कौशल्यावरून लोक त्याला ‘साखळी’ म्हणायचे. त्याने निर्दोष लोकांनाही गोवायला सुरुवात केली तेव्हा ब्रिटनचा मुख्य प्रशासक मार्टिनस याने विरोध केला. पॉलसने त्यालाही बेड्या घालायची धमकी दिली. मार्टिनस तलवार काढून त्याच्या अंगावर धावला, वार चुकला आणि त्याने तीच तलवार स्वतःच्या कुशीत खुपसली.

पुसलेलं पत्र आणि २८ दिवसांचा सम्राट

आता सिल्व्हेनस. साल ३५५. मुर्सात बाजू बदलल्याचं बक्षीस म्हणून तो गॉलमधला मोठा सेनापती झाला होता आणि टोळ्यांशी लढत होता. काम नीट चाललं होतं.

राजाच्या सामानाची जनावरं सांभाळणाऱ्या खात्यात डायनॅमियस नावाचा कारकून होता. त्याने सिल्व्हेनसकडून काही शिफारसपत्रं मागून घेतली, ‘तुमच्या मित्रांना माझी ओळख असू द्या’ म्हणून. सिल्व्हेनसने भोळेपणाने दिली. डायनॅमियसने मजकूर पुसून काढला, खालची सही तेवढी ठेवली आणि वर नवा मजकूर लिहिला. त्यातून असा अर्थ निघत होता की सिल्व्हेनस गादीच्या तयारीला लागला आहे आणि मित्रांची मदत मागतो आहे. आजच्या भाषेत, खऱ्या अकाउंटवरचा खोटा स्क्रीनशॉट. बड्या अधिकाऱ्यांच्या हातून ही पत्रं मिलानमध्ये कॉन्स्टँशियसपर्यंत पोहोचली.

दरबारातले फ्रँक अधिकारी ओरडून सांगत होते की हा डाव आहे. पुढे तपासात पुसलेल्या अक्षरांच्या खुणा दिसल्या आणि बनावट उघडही झाली. पण तोवर कोलोनमध्ये बसलेल्या सिल्व्हेनसपर्यंत दरबारातल्या हालचालींची खबर गेली होती. कॉन्स्टँशियस संशय आला की सोडत नाही, हे त्याला माहीत होतं. त्याने आपल्या फ्रँक लोकांत पळून जायचा विचार केला. एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं की ते तुला मारतील किंवा पैसे घेऊन विकतील. इकडे आड, तिकडे विहीर. मग त्याने सैनिकांच्या निशाणांवरचं जांभळं कापड फाडून काढलं, अंगावर घेतलं आणि स्वतःला सम्राट घोषित केलं.

ज्या गुन्ह्याचा खोटा आरोप होता, तो गुन्हा त्याने जीव वाचवण्यासाठी खरा केला.

हे इतक्या तपशिलाने आपल्याला कळतं, कारण पुढच्या कारस्थानात सामील असलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने ते लिहून ठेवलं. अमियानस मार्सेलिनस. चौथ्या शतकाचा सर्वात मोठा इतिहासकार हाच. कॉन्स्टँशियसने सेनापती अर्सिसिनसला कोलोनला पाठवलं, त्याच्याबरोबर जी मोजकी माणसं होती त्यात अमियानस होता. त्यांनी सिल्व्हेनससमोर त्याला सम्राट मानल्याचं नाटक केलं. त्याच्या पंगतीला बसले. सिल्व्हेनस मन मोकळं करून अर्सिसिनसला सांगायचा की आपल्या दोघांची कशी कदर झाली नाही. दरम्यान यांनी दोन तुकड्यांतल्या सैनिकांना पैसे चारले. एका पहाटे त्यांनी पहारेकरी कापले आणि प्रार्थनेला निघालेल्या, चर्चमध्ये लपलेल्या सिल्व्हेनसला ओढून काढून ठार मारलं. सम्राट झाल्यापासून २८ दिवस झाले होते.

अमियानस लिहिताना आपलं काम लपवत नाही आणि सिल्व्हेनस निर्दोष होता हेही लपवत नाही. त्याच्याच नोंदीनुसार, पत्र बनवणाऱ्या डायनॅमियसला शिक्षा झाली नाहीच, उलट इटलीतल्या टस्कनी प्रांताचा कारभार मिळाला.

जांभळं कापड, गळ्यातलं कडं

सम्राट व्हायला लागायचं काय? जयजयकार, जांभळं वस्त्र, डोक्यावर मुकुट आणि लवकरात लवकर नाणी. घाईत यातलं काही ना काही कमी पडायचंच.

३६० मध्ये पॅरिसला काय झालं बघा. कॉन्स्टँशियसचा चुलतभाऊ ज्युलियन तिथे कनिष्ठ सम्राट होता. पूर्वेला इराणच्या शापूर दुसऱ्याने अमिदा शहर घेतलं होतं, म्हणून कॉन्स्टँशियसने ज्युलियनच्या उत्तम तुकड्या तिकडे मागवल्या. सैनिकांना आल्प्सपलीकडे न पाठवण्याचं वचन दिलेलं होतं, बायकामुलं इथेच होती. ते रात्री राजवाड्याभोवती जमले आणि सकाळी ज्युलियनला ढालीवर उचलून धरलं. मुकुट कुठाय? कुणी म्हणालं, बायकोचा हार घ्या. ज्युलियनला ते अशुभ वाटलं. कुणी घोड्याचा साज सुचवला, तोही नको. शेवटी मॉरस नावाच्या निशाणबरदाराने स्वतःच्या गळ्यातलं कडं काढून त्याच्या डोक्यावर ठेवलं.

ज्युलियन नंतर सगळ्यांना सांगत राहिला की मला हे नकोच होतं. जवळजवळ प्रत्येक बंडखोर सम्राट हेच म्हणतो, त्यामुळे ते किती मनावर घ्यायचं हा प्रश्नच आहे. पण त्याचं नशीब जोरावर होतं. युद्ध व्हायच्या आधीच, नोव्हेंबर ३६१ मध्ये कॉन्स्टँशियस आजारपणात मेला. त्यामुळे ज्युलियन इतिहासात कायदेशीर सम्राट म्हणून नोंदला गेला. कॉन्स्टँशियस आणखी दोन वर्षं जगला असता तर कदाचित तो मॅग्नेन्शियसच्या रांगेत बसला असता.

त्याचा नातेवाईक प्रोकोपियस इतका नशीबवान नव्हता. सप्टेंबर ३६५ मध्ये त्याने कॉन्स्टँटिनोपलमधून जाणाऱ्या दोन तुकड्यांना फितवलं. त्याला पूर्ण जांभळा झगाच मिळेना. अमियानसच्या वर्णनात तो राजवाड्यातल्या नोकरासारखा सोनेरी कशिद्याचा अंगरखा घालून, एका हातात भाला आणि दुसऱ्या हातात जांभळ्या कापडाचा तुकडा हलवत उभा आहे. अमियानस त्याला नाटकातलं सोंग म्हणून हसतो. पण मुकुट न मिळालेल्या ज्युलियनला तो हसत नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. प्रोकोपियस पुढच्याच वर्षी पकडला गेला. त्याला ज्या दोन अधिकाऱ्यांनी बांधून सम्राट व्हॅलेन्सच्या हवाली केलं, त्यांनाही ठार मारण्यात आलं.

नाण्यांचं महत्त्व पगारापुरतं नव्हतं. त्या काळात दूरच्या गावात सत्ताबदलाची बातमी पोहोचायची ती नाण्यावरून. २८६ मध्ये ब्रिटन तोडून स्वतंत्र राज्य करणारा कॅरॉशियस याने एक नाणं पाडलं, त्यावर दोन अधिकृत सम्राटांच्या शेजारी स्वतःचा चेहरा आणि मजकूर ‘कॅरॉशियस आणि त्याचे भाऊ’. भावांनी अर्थातच त्याला भाऊ मानलं नाही. सात वर्षांनी त्याच्याच अर्थखात्याच्या माणसाने त्याला मारलं. कॅरॉशियसचा दगडावर कोरलेला एकच लेख आज उरला आहे, उत्तर इंग्लंडमधल्या कार्लाइल इथे. मैलाचा दगड आहे तो. नंतरच्या लोकांनी तो उलटा करून कॅरॉशियसचं नाव जमिनीत गाडलं आणि वरच्या टोकाला कॉन्स्टंटाइनचं नाव कोरलं. गाडलं म्हणूनच ते टिकलं.

बाकीच्यांनी काय करायचं?

सेनापतींचं ठीक आहे, ते जुगार खेळत होते. पण गव्हर्नर, कारकून, व्यापारी, शेतकरी यांचं काय? दारात सैन्य घेऊन आलेला माणूस ‘मी सम्राट’ म्हणतो तेव्हा त्याला कर द्यायचा की नाही? दिला नाही तर आज मरण, दिला तर दोन वर्षांनी पॉलससारखा कुणीतरी येऊन ‘तेव्हा तू कुणाच्या बाजूने होतास’ विचारणार.

रोमन कायद्याला या पेचाची जाणीव होती. पाचव्या शतकात संकलित झालेल्या थिओडोसियन संहितेत ‘टिरॅनसच्या काळातल्या’ निर्णयांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. बंडखोराने दिलेली पदं, मानमरातब आणि नेमणुका रद्द. पण त्या काळात लोकांनी आपापसांत केलेले करार, देणग्या, गुलामांची मुक्तता असे व्यवहार कायम. रोमन लोक वर्षाची ओळख त्या वर्षीच्या कॉन्सल या अधिकाऱ्यांच्या नावाने द्यायचे. बंडखोराने नेमलेल्या कॉन्सलचं नाव खोडून टाका, कागदावरचा व्यवहार राहू द्या, असा तोडगा काढला गेला.

बड्या लोकांना जुळवून घेण्याची कला यावी लागे. रोमचा सिनेटर सिमॅकस हा त्या काळातला गाजलेला वक्ता. मॅग्नस मॅक्सिमस इटलीत आला तेव्हा त्याने त्याचं स्तुतिपर भाषण केलं. मॅक्सिमस पडला आणि सिमॅकसला एका चर्चमध्ये आसरा घ्यावा लागला. मग त्याने विजेत्या थिओडोसियसची माफी मागितली, त्याचीही स्तुती केली आणि ३९१ मध्ये तो कॉन्सल झाला.

पुन्हा ब्रिटनकडे

मॅक्सिमसचं काय झालं ते सांगायचं राहिलं. ३८३ मध्ये तो गॉलमध्ये उतरताच तरुण सम्राट ग्रेशियनचं सैन्य त्याला सोडून गेलं आणि ग्रेशियन लियाँमध्ये मारला गेला. पूर्वेच्या थिओडोसियसने मॅक्सिमसला काही काळ मान्यता दिली. म्हणजे मधली काही वर्षं तो अधिकृत सम्राटच होता. ३८७ मध्ये त्याने इटलीवर चाल केली आणि तिथे फसला. २८ ऑगस्ट ३८८ ला ॲक्विलियाजवळ त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा लहान मुलगा व्हिक्टर, ज्याला बापाने सहसम्राट केलं होतं, त्यालाही मारलं.

सहा वर्षांनी पुन्हा तेच. पश्चिमेत युजीनियस नावाचा व्याकरण-वक्तृत्वाचा माजी शिक्षक सम्राट झाला, थिओडोसियस पुन्हा चालून गेला, ३९४ मध्ये फ्रिगिडस नदीवर पश्चिमेच्या सैन्याचा चुराडा झाला. पूर्वेच्या बाजूने पुढे घातलेले गॉथ हजारोंनी मेले. त्यातून वाचलेला त्यांचा एक नायक, अलारिक, सोळा वर्षांनी रोम शहर लुटणार होता. साम्राज्याबाहेरच्या शत्रूंनी केलं त्याहून जास्त नुकसान रोमन सैन्याचं रोमन सैन्यानेच केलं का, यावर इतिहासकार वाद घालतात. मुर्सा आणि फ्रिगिडस बघितलं की निदान पश्चिमेपुरतं मला तसंच वाटतं.

कारण पुढच्या संकटाला तोंड द्यायला माणसं उरली नव्हती. ४०६ च्या अखेरीस व्हँडल, अलान, स्युबी टोळ्या ऱ्हाईन ओलांडून आत आल्या. सम्राट होनोरियस इटलीत रावेन्नाच्या दलदलीआड सुरक्षित बसलेला. ब्रिटनच्या सैन्याने एकामागून एक तीन सम्राट केले. मार्कसला मारलं, ग्रेशियनला चार महिन्यांत मारलं, मग कॉन्स्टंटाइन नावाच्या साध्या सैनिकाला निवडलं. ओरोसियस हा पाचव्या शतकातला लेखक म्हणतो की निवड नावामुळे झाली. शंभर वर्षांपूर्वी याच बेटावरून निघालेल्या कॉन्स्टंटाइनने जग जिंकलं होतं ना!

या तिसऱ्या कॉन्स्टंटाइनने उरलेसुरले सैनिक घेऊन समुद्र ओलांडला. काही काळ त्याचं बरं चाललं. ४०९ मध्ये हतबल होनोरियसने त्याला जांभळं वस्त्र पाठवून सहसम्राट मानलं. पण मागे ब्रिटन उघडं पडलं. हल्ले वाढले तसे तिथल्या लोकांनी त्याच्या अधिकाऱ्यांना हाकलून स्वतःच शस्त्रं उचलली. रोमन सत्ता तिथे पुन्हा आली नाही. ४११ मध्ये कॉन्स्टंटाइन आर्ल शहरात वेढला गेला. जीव वाचावा म्हणून त्याने राजवेश उतरवून पाद्रीपदाची दीक्षा घेतली आणि अभय मिळाल्यावर शरण आला. रावेन्नाच्या वाटेवर त्याला मारलं. डोकं खांबावर लावलं.

शेवटचा सम्राट, पण कुणाच्या मते?

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिमेतल्या सेनापतींना स्वतः सम्राट व्हायची गरज उरली नाही. कुणाला तरी गादीवर बसवायचं आणि कारभार आपण बघायचा, हे जास्त सोयीचं होतं. ४७५ मध्ये सेनापती ऑरेस्टीसने सम्राट ज्युलियस नेपोसविरुद्ध बंड केलं. नेपोस समुद्र ओलांडून डाल्मेशियात, म्हणजे आजच्या क्रोएशियात पळाला. ऑरेस्टीसने आपल्या लहान मुलाला गादीवर बसवलं. त्याचं नाव रोम्युलस, टोपणनाव ऑगस्ट्युलस, म्हणजे ‘छोटा ऑगस्टस’.

४ सप्टेंबर ४७६ ला ओडोएसर या सेनाप्रमुखाने या मुलाला उतरवलं. पोराचं वय बघून त्याला जिवंत सोडलं, वर्षाला सोन्याची ६,००० नाणी बांधून दिली आणि दक्षिण इटलीत नातेवाइकांकडे पाठवलं. परीक्षेत ‘पश्चिम रोमचा शेवटचा सम्राट कोण’ असं विचारलं तर उत्तर म्हणून याचंच नाव लिहायचं असतं.

कॉन्स्टँटिनोपलच्या दरबाराने मात्र रोम्युलसला कधीच मान्यता दिली नव्हती. त्यांच्या हिशेबात तो बंडखोराने बसवलेला मुलगा होता आणि खरा सम्राट नेपोस अजून जिवंत होता. इटलीचा मालक झालेल्या ओडोएसरनेही पुढची काही वर्षं नाणी पाडली ती नेपोसच्या नावाने. नेपोस कधीच इटलीत परतला नाही. ४८० मध्ये डाल्मेशियात, आपल्या वाड्यात, त्याच्याच माणसांनी त्याचा खून केला.